उदास मन आणि व्यायाम

अंगात ताप नाही, कुठं जखम नाही, पण माणूस कोपरा धरून बसतो. झोप येत नाही. भाकरी गोड लागत नाही. कुणी म्हणतं, "आळशी झाला." कुणी म्हणतं, "बाहेरचं काही लागलंय." दोन्ही खरं नव्हे. असं रोज, दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर तो मनाचा आजार असू शकतो. त्याला नैराश्य म्हणतात.

आपल्या भागाला हा आजार नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसं गेली. पुढं घरं नवी झाली, पण कित्येकांची मनं सावरली नव्हती.

अशा आजारात व्यायामाचा उपयोग होतो काय? होतो. १९९९ साली अमेरिकेत १५६ आजारी माणसांचे तीन गट केले. एकाला गोळ्या दिल्या, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीन वेळा भराभर चालणं किंवा पळणं. गोळ्यांनी गुण लवकर आला. पण १६ आठवड्यांनी पाहिलं, तर तिन्ही गटांना जवळपास सारखाच आराम होता.

तुम्ही म्हणाल, "आम्ही दिवसभर रानात राबतो. आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. आम्हांलाही तो पडला होता. पण राबणं वेगळं. डोक्यावर ऊन आणि कर्ज घेऊन केलेल्या कामानं अंग थकतं, मन मोकळं होत नाही. खुशीनं केलेली हालचाल मनाला जास्त मानवते. तालमीत पोरं नुसते जोर काढत नाहीत. हसतात, एकमेकांची विचारपूस करतात. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. पण सगळ्यांनी काही माळेगावच्या जत्रेत कुस्ती मारायची नाही! बायांनी फुगडी घालावी. म्हाताऱ्यांनी देवळापर्यंत चालावं.

आजारी माणसाला "ऊठ, व्यायाम कर" म्हणून टोचू नये. उठायचं बळच तर गेलेलं असतं. "चल, मीही येतो" म्हणावं. पहिल्या दिवशी वेशीपर्यंत गेला तरी पुष्कळ.

व्यायामानं कर्ज फिटत नाही, पाऊसही पडत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या आपल्या मतानं बंद करू नयेत. आणि मरणाची भाषा कुणी बोलू लागला, तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. १४४१६ हा सरकारी फोन २०२२ सालापासून आहे. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.