उघडझाप होणारें हेल्मेट : निवड कशी करावी ?

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. पुढें आकुर्डीस बजाजचा कारखाना उभा राहिला. १९७२ सालीं चेतक स्कूटर आणि फिरोदियांची लूना रस्त्यावर आली. आणि सायकलीची जागा हळूहळू स्वयंचलित दुचाकीनें घेतली. दुचाकी ज्या सहजतेनें पुणेकरांच्या घरांत आली त्या सहजतेनें हेल्मेट मात्र आलें नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानें तें आवश्यक ठरविलें आहे. तरीहि जानेवारी २०१९ मध्यें पोलिसांनीं या कलमाची अंमलबजावणी कडक केली, तेव्हां विरोधकांनीं पुणेरी पगड्या डोक्यावर घालून आपला निषेध व्यक्त केला.

या विरोधामागील तक्रारी सर्वस्वीं खोट्या आहेत असें म्हणतां येणार नाहीं. उन्हाळ्यांत डोकें उकडून निघतें, मान अवघडते, चष्मा घालतांना व काढतांना त्रास होतो, ओळखीच्या माणसाशीं दोन शब्द बोलावयाचे तर सगळेंच डोक्यावरून उतरवावें लागतें. अशा तक्रारींना उत्तर म्हणून अलीकडे दुकानांत एक विशिष्ट प्रकारचें शिरस्त्राण पुढें केलें जातें. त्याचा हनुवटीपुढील भाग खटका दाबतांच वर उचलला जातो. नाना पेठेंतील दुकानदार त्यास ‘फ्लिप-अप’ म्हणतात. सोय निःसंशय मोठी आहे. परंतु ही सोय विकत घेतांना संरक्षणाचा कांहीं अंश आपण नकळत परत तर करीत नाहीं ना, हा प्रश्न ग्राहकानें पैसे मोजण्यापूर्वीं विचारावयास हवा.

या प्रश्नाचें उत्तर मिळण्यासाठीं हेल्मेट काम कसें करतें हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. बाहेरचें कठीण कवच हेंच संरक्षण करतें अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः कवचाचें काम आघात एका बिंदूवर न राहूं देतां पसरविणें, आणि टोकदार वस्तूस आंत शिरूं न देणें एवढेंच. खरें काम करतो तो आंतला थर्माकोलसारखा जाड थर. उघडें डोकें रस्त्यावर आपटलें म्हणजे त्याची गति केवळ कांहीं मिलिमीटरांच्या अंतरांत शून्यावर येते, आणि कवटीच्या आंत मेंदूस भयंकर हिसका बसतो. थर्माकोलचा थर चिरडला जातो तेव्हां तें थांबण्याचें अंतर दोन-तीन सेंटिमीटरांपर्यंत वाढतें आणि हिसका त्या प्रमाणांत सौम्य होतो. क्रिकेटपटू जोराचा झेल घेतांना हात मागें नेतो, त्यांतील तत्त्व हेंच.

हें ज्ञान जगास फुकट मिळालेलें नाहीं. ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यांत मोटारसायकलच्या अपघातांत डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला, आणि १९४१ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें त्यांनीं मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींविषयीं व हेल्मेटच्या उपयुक्ततेविषयीं लेख लिहिला. त्यानंतर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ सालीं प्रसिद्ध झाला. हेल्मेटमुळें मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारें ६९ टक्क्यांनीं कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे.

“शहरांत कोण एवढ्या वेगानें जातो ?” असा युक्तिवाद पुण्यांत वारंवार ऐकूं येतो. त्याचें उत्तर हेल्मेटच्या चाचणींतच सांपडतें. युरोपीय मानकाच्या मुख्य चाचणींत हेल्मेट सेकंदास साडेसात मीटर वेगानें लोखंडी ऐरणीवर आपटलें जातें. हा वेग ताशीं २७ किलोमीटर होतो. सुमारें पावणेतीन ते तीन मीटर उंचीवरून डोकें जमिनीवर आदळावें तितका तो आघात असतो. म्हणजे हेल्मेट हें शर्यतीच्या वेगासाठीं नसून लक्ष्मी रस्त्यावर किंवा कर्वे रस्त्यावर गाडी घसरून पडणाऱ्या माणसासाठींच मुख्यतः बनविलेलें आहे.

आतां हनुवटीकडे वळूं. हेल्मेटचे ढोबळ मानानें तीन प्रकार आहेत : चेहरा उघडा ठेवणारें, चेहरा पूर्ण झांकणारें, आणि या दोहोंच्या मधलें उघडझाप होणारें. या तिसऱ्या प्रकाराचें आधुनिक रूप जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनें १९८१ सालीं बाजारांत आणलें. जर्मनींतीलच हॅनोव्हर येथील संशोधक डीटमार ओटे यांनीं अपघातांतील हेल्मेटांवर आघात नेमके कोठें झाले याची पाहणी केली, तेव्हां सुमारें एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागावर झाल्याचें आढळलें. मनुष्य पुढें फेंकला जातो आणि तोंडावर पडतो, हें पाहतां यांत आश्चर्य नाहीं. हनुवटीवरील मार केवळ दांत आणि जबडा यांपुरता राहत नाहीं. जबड्याच्या सांध्यांवाटे तो कवटीच्या तळापर्यंत पोंचूं शकतो. ज्या भागास इतका मार बसतो त्याच भागास या हेल्मेटांत बिजागरी आणि खटका बसविलेला असतो. तेव्हां ही कमान आघाताच्या क्षणीं बंद राहील कीं उघडेल, हाच या खरेदींतील मुख्य प्रश्न होय.

त्याचे दोन भाग पडतात. पहिला खटक्याविषयीं. ब्रिटिश सरकारनें २००७ सालीं सुरू केलेल्या ‘शार्प’ या योजनेंत बाजारांतील हेल्मेटांची स्वतंत्र चाचणी होते, आणि उघडझाप होणाऱ्या प्रत्येक नमुन्याबाबत, किती टक्के आघातांत कमान बंद राहिली हा आंकडा निराळा प्रसिद्ध केला जातो. सर्व नमुन्यांचा आंकडा सारखा नसतो. कांहींची कमान प्रत्येक आघातांत टिकते, कांहींची टिकत नाहीं. भारतांतील ग्राहकास आपल्या नमुन्याचा आंकडा मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास दुकानांत हातानें परीक्षा करावी. खटक्याची कडी व तिची खुंटी धातूची असावी. कमान खालीं आणतांच दोन्ही बाजूंस स्पष्ट आवाज होऊन ती एकदम बसावी. एक बाजू आधीं व दुसरी मागाहून बसत असेल तर तें हेल्मेट ठेवून द्यावें. पंधरा-वीस वेळां उघडझाप करून पाहावी. नंतर बंद कमान दोन्ही हातांनीं पुढें व वर ओढून पाहावी. ती हलूं नये, करकरूं नये. उघडण्याची कळ मात्र हातमोजा घातलेल्या एका हातास सहज सांपडेल अशी असावी.

दुसरा भाग स्वाराच्या संवयीविषयीं आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. नळ स्टॉपच्या किंवा स्वारगेटच्या चौकांत सिग्नलला थांबलें असतां उकाड्यानें कमान वर केली जाते. हिरवा दिवा लागतो, आणि ती तशीच वर राहते. हनुवटी उघडी आहे, आणि वर गेलेली कमान कपाळापुढें छज्जासारखी उभी आहे, अशा स्थितींत मनुष्य पुढचे दोन मैल जातो. वारा त्या छज्जाला ढकलतो, मानेवर ताण येतो, आणि पडल्यास ती कमान रस्त्यांत अडकून डोकें पिळवटण्याची भीति असते. पूर्ण झांकणाऱ्या हेल्मेटचे पैसे देऊन उघड्या हेल्मेटाहूनहि वाईट अवस्था अशा रीतीनें ओढवून घेतली जाते.

युरोपीय मानकानें हा भेद ओळखून अक्षरांनीं दाखविला आहे. पट्ट्याला शिवलेल्या चिठ्ठीवर रोमन लिपींतील ‘पी’ हें अक्षर असेल तर बंद कमान हनुवटीचें रक्षण करण्याच्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेली आहे. ‘जे’ असेल तर तें उघड्या तोंडाचें हेल्मेट म्हणून मान्य आहे. आणि ‘एनपी’ असेल तर पुढचा भाग संरक्षक नाहीं असें समजावें. ‘पी’ आणि ‘जे’ हीं दोन्ही अक्षरें एकत्र असतील तरच तें दोन्ही स्थितींत वापरण्यास मान्य ठरतें. अशा कांहीं हेल्मेटांत कमान कपाळावर न थांबतां पूर्ण फिरून डोक्याच्या मागें जाऊन बसते, त्यामुळें वाऱ्याचा अडथळा व मानेवरील भार कमी होतो. ज्यास आपण कमान उघडी ठेवूनच चालविणार याची प्रामाणिक खात्री आहे त्यानें असेंच हेल्मेट शोधावें. त्यांतहि उघड्या स्थितींत हनुवटी अरक्षितच राहते हें विसरूं नये. याच मानकाच्या सहाव्या सुधारित आवृत्तींत तिरकस आघाताचीहि चाचणी घेतली जाते; म्हणून चिठ्ठीवर त्या आवृत्तीचा, म्हणजे २२.०६ हा क्रमांक असल्यास अधिक बरें.

आपल्या देशांत मात्र सर्वांत आधीं पाहावयाचा तो आयएसआय छाप. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ४१५१ प्रमाणें प्रमाणित नसलेलें दुचाकीचें हेल्मेट बनविणें वा विकणें कायद्यानें निषिद्ध आहे. रस्त्याच्या कडेस विकल्या जाणाऱ्या हेल्मेटांवर खोटा छापहि आढळतो. म्हणून छापाखालील ‘सीएम/एल’ या अक्षरांनीं सुरू होणारा परवाना क्रमांक मानक संस्थेच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर ताडून पाहावा. चांगलें हेल्मेट परदेशींचेंच असतें असें नाहीं. मराठी माणसांस परिचित असलेल्या बेळगांवांतच वेगा कंपनी हेल्मेटें बनविते, आणि उघडझाप होणारे नमुनेहि तिच्यापाशीं आहेत.

खटका आणि छाप पाहून झाल्यावर मापाकडे वळावें. भुवयांच्या किंचित् वरून, डोक्याचा जास्तींत जास्त घेर येईल अशा रीतीनें टेप फिरवावी व आलेल्या सेंटिमीटरांप्रमाणें माप निवडावें. हेल्मेट घातल्यावर गालांवर चारी बाजूंनीं सारखा दाब जाणवावा. हातानें तें डावी-उजवीकडे फिरविलें असतां गालांची कातडी त्याच्याबरोबर सरकावी. डोकें आंत मोकळें फिरत असेल तर तें मोठें आहे. पट्टा लावून मागची कड वर ढकलून पाहावी. हेल्मेट पुढें निसटून येतें तें निरुपयोगी समजावें. शेवटीं तें दहा-पंधरा मिनिटें तसेंच घालून दुकानांत थांबावें. कपाळावर एकाच ठिकाणीं दुखूं लागल्यास माप बरोबर असूनहि डोक्याचा आकार जुळत नाहीं असें समजावें. चष्मा वापरणारानें चष्म्यासह, आणि स्कार्फ बांधणाऱ्या स्त्रियांनीं स्कार्फसह हेल्मेट घालून पाहावें. स्कार्फची जाड गांठ किंवा उंच अंबाडा यामुळें हेल्मेट डोक्यावर नुसतें टेकतें, बसत नाहीं.

बिजागरी आणि खटका यांमुळें या हेल्मेटचें वजन त्याच जातीच्या पूर्ण हेल्मेटाहून अधिक असतें, दीड किलोच्या आसपास किंवा त्याहूनहि जास्त. आणि सांध्यांतून वाऱ्याचा आवाजहि थोडा अधिक येतो. ज्यास रोज ताम्हिणी घाट किंवा मुंबईपर्यंतचा रस्ता गांठावयाचा आहे त्याच्या मानेस हें जाणवेल. काच रंगहीन घ्यावी. काळी काच रात्रीं आणि पावसांत घातक ठरते. पुण्याच्या पावसाळ्यांत काचेवर आंतून वाफ धरते, यासाठीं वाफ न धरणारी आंतली काच बसविण्याची सोय असल्यास ती घ्यावी. अस्तर काढून धुतां येणारें असावें. कवच पेट्रोलनें किंवा थिनरनें पुसूं नये. त्यानें कांहीं प्लास्टिकें ठिसूळ होतात. एकदां जोराचा आघात सोसलेलें हेल्मेट वरून धड दिसलें तरी आंतला थर चिरडलेला असूं शकतो, आणि चिरडलेला थर पुन्हां काम देत नाहीं. तें बदललेंच पाहिजे.

मग हें हेल्मेट कोणीं घ्यावें ? चष्मा लावणारानें, ज्यास दिवसांतून दहा वेळां थांबून पत्ता विचारावा लागतो किंवा सोसायटीच्या फाटकावर चेहरा दाखवावा लागतो त्यानें तें अवश्य घ्यावें. पूर्ण हेल्मेट गुदमरवितें म्हणून जो आजवर बोडक्यानेंच फिरला त्यास तर तें वरदानच आहे. अपघातानंतर जखमीचें तोंड व श्वास मोकळा करण्यासहि त्याची कमान उपयोगी पडते. परंतु कमान उघडावयाची ती गाडी थांबल्यावर, आणि बंद करावयाची ती गाडी हलण्यापूर्वीं, ही शिस्त ज्याच्या अंगीं नाहीं त्यानें साधें पूर्ण हेल्मेट घ्यावें. त्यास खटकाच नसल्यामुळें विसरण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

आणखी एक गोष्ट खरेदीच्या वेळींच ठरवावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मरण पावले. त्यांपैकीं १४,३३७ हे मागें बसलेले होते. घरांतील कर्त्या माणसानें स्वतःसाठीं भारी हेल्मेट घ्यावें आणि मागें बसणाऱ्या पत्नीस, आईस किंवा मुलास बोडकें ठेवावें, हें दृश्य पुण्याच्या रस्त्यावर नेहमींचें आहे. कायदा चार वर्षांवरील प्रत्येकास सारखाच लागू आहे, आणि रस्ता तर चालविणारा कोण व बसणारा कोण हें पाहतच नाहीं. एकाच किंमतींत एक उंची हेल्मेट किंवा दोन प्रमाणित साधीं हेल्मेटें येत असतील, तर दोन घ्यावींत. आणि दोन्हींचे पट्टे, निघण्यापूर्वीं, हनुवटीखालीं घट्ट बांधावेत.