लॅपटॉपच्या घरगुती वायफाय अँटेनासाठी कोॲक्स केबलची निवड

पत्र्याच्या डब्यापासून वायफाय अँटेना बनवताना विद्यार्थी डब्याची मापे मिलिमीटरपर्यंत मोजतात आणि केबल मात्र दुकानात मिळेल ती आणतात. अँटेनाने मिळवलेले सारे त्या केबलमध्येच संपू शकते. म्हणून आधी हिशोब करा.

२.४ गिगाहर्ट्झला दर मीटरमागे होणारा ऱ्हास साधारण असा असतो:

आरजी-१७४: २ डेसिबल किंवा अधिक
आरजी-५८: १ डेसिबल
आरजी-६ (डिश टीव्हीची केबल): ०.३३ डेसिबल
एलएमआर-४००: ०.२२ डेसिबल

समजा, तुमच्या अँटेनाचा गेन ९ डेसिबल आहे आणि तो गच्चीवर, लॅपटॉपपासून १० मीटरवर आहे. आरजी-५८ वापरली तर १० डेसिबल केबलमध्येच जातात, म्हणजे दहातला एकच भाग पलीकडे पोहोचतो. एवढा खटाटोप करून हाती उणे १ डेसिबल! एलएमआर-४०० मध्ये २.२ जाऊन ६.८ उरतात, पण ती जाड आणि महाग असते.

आरजी-६ चा इंपिडन्स ७५ ओहम, वायफाय कार्डाचा ५० ओहम. मग ती बाद का? गणित करून पाहा. परावर्तन गुणांक (७५−५०)/(७५+५०) = ०.२, म्हणून परावर्तित शक्ती ०.०४, म्हणजे फक्त ४ टक्के. दोन्ही टोकांची परावर्तने सर्वांत वाईट रीतीने जुळली तरी तोटा सुमारे ०.७ डेसिबल. १० मीटरला एकूण ४ डेसिबल धरा, ५ उरतात. म्हणजे ‘चुकीच्या’ इंपिडन्सची ही स्वस्त केबल आरजी-५८ पेक्षा सरस ठरते. अडचण जोडणीची आहे: हिची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, तिला डाख बसत नाही. योग्य कनेक्टर क्रिंप करावा लागतो.

कार्डापासून निघणारी बारीक पिगटेल १५-२० सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नका. जयपूरसारख्या उन्हात केबलचे बाह्य आवरण काळे, उन्हात टिकणारे पॉलिथिलीनचे घ्या. गच्चीवरचा कनेक्टर जलरोधक टेपने गुंडाळा. पाणी आत शिरले की वरचे सगळे आकडे निरर्थक होतात.

सर्वांत चांगली केबल मात्र सर्वांत छोटी केबल. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तेथे कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर डिशच्या नाभीपाशीच बसवलेला असतो, कारण पहिल्या ॲम्प्लिफायरच्या आधी केबलमध्ये गेलेला प्रत्येक डेसिबल संदेश-गोंगाट गुणोत्तर खाली आणतो आणि नंतर कितीही वर्धन केले तरी ते भरून निघत नाही. तुम्हीही तसेच करा: यूएसबी वायफाय ॲडॉप्टर अँटेनापाशीच बसवा आणि खाली यूएसबी केबल आणा. यूएसबी २.० मध्ये ५ मीटरपर्यंतची केबल चालते, आणि तिच्यातून डिजिटल विदा जात असल्याने रेडिओ संदेशाचा ऱ्हास होत नाही.

स्वाध्याय: ३ मीटर अंतरासाठी चारही केबलींचा हिशोब करा. आरजी-५८ आता चालेल का?