खळग्यांचे गुणपत्रक

मांड्या-नितंबांवरच्या खळग्यांची, म्हणजे सेल्युलाइटची, तीव्रता रक्त तपासून कळत नाही; ती मुख्यतः डोळ्यांनी पाहूनच ठरवली जाते. १९७८ साली न्यूर्नबर्गर आणि म्यूलर यांनी सोपी प्रतवारी केली: त्वचा चिमटीत धरल्यावरच दिसणारे खळगे, उभे राहिल्यावर दिसणारे आणि आडवे झाल्यावरही न जाणारे. २००९ मध्ये ब्राझीलच्या डोरिस हेक्सेल व सहकाऱ्यांनी तिला खळग्यांची संख्या, खोली, त्वचेचे स्वरूप आणि सैलपणा जोडून १५ गुणांचे मापन केले. पाचपर्यंत सौम्य, दहापर्यंत मध्यम, पुढे तीव्र.

पण प्रकाश तिरपा पडला किंवा स्नायू आवळले, की तीच मांडी वेगळी दिसते. मग मोजायचेच कशाला, असे कोणी म्हणेल. उत्तर सरळ आहे: मोजमाप नसेल तर खळगे घालवणाऱ्या मलमाचा दावा तपासणार कसा? (जाहिरातीतल्या ‘आधी’च्या फोटोत उजेड नेमका बाजूनेच का येतो, हेही पाहावे.) मात्र हे गुण उपचारांच्या तुलनेसाठी आहेत, आरोग्याचे माप नव्हेत. वयात आलेल्या बहुतेक स्त्रियांना, सडपातळ असल्या तरी, सेल्युलाइट असतेच. तेव्हा दुकानातली असो वा मोबाइलवर मागवलेली, ट्यूब घेण्याआधी विचारा: गुण किती उतरले, आणि ते मोजले कोणी?