अर्ज नको, प्रश्न विचारा

संगणकाची भाषा शिकायची तर पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे, महागडा क्लास लावलाच पाहिजे, असा समज आपल्या समाजात अजूनही घट्ट बसलेला आहे. वास्तविक पाहता पायथॉन नावाची जी संगणकभाषा आज बँकांपासून प्रयोगशाळांपर्यंत जगभर वापरली जाते, ती फुकट आहे. तिची चांगली पुस्तके जालावर फुकट आहेत. आणि अडले तर मदत करणारी देशोदेशीची माणसेही एक पैसा घेत नाहीत. मग आपली मुले या माणसांच्या दारापर्यंत जाऊन परत का फिरतात? अंबाजोगाईतील एका मुलीमुळे मला हा प्रश्न पडला.

ही मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात, ही आजीजवळ राहते. बीड जिल्ह्यात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. घरी संगणक नाही. वडिलांचा जुना मोबाइल तिच्याकडे आहे आणि त्यावर पायड्रॉइड नावाचे ॲप आहे, त्यात पायथॉनचे प्रोग्राम लिहिता येतात. विहारामागच्या अभ्यासिकेत ती संध्याकाळी येऊन बसते. बाकीची मुले पोलीस भरतीची आणि तलाठ्याची पुस्तके वाचत असतात, ही मोबाइलवर काहीतरी लिहीत असते.

काय लिहितेस, असे एकदा विचारले. म्हणाली, ‘‘सर, उचलीचा हिशेब.’’

मला तो विषय फार आवडला. क्लासमध्ये मुलांना विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढायला लावतात, व्याजाचे उदाहरण देतात. हिने घरातलाच हिशेब घेतला. टोळीने तोडलेले टन, त्याला कोयत्यांच्या संख्येने भाग, गुणिले टनाचा दर, त्यातून वजा उचल, वजा खाडे, वजा आठवड्याचा किराणा. जे उरेल ती बाकी. बाकी वजा निघाली, तर पुढच्या हंगामाचीही गुलामी ठरलेली. पिढ्यान्‌पिढ्या हा हिशेब मुकादमाच्या वहीत राहिला आणि वही मुकादमाच्या खिशात.

पण पहिल्याच पायरीवर ती अडली. पडताळा म्हणून तिने दर विचारला, ३५० भरले आणि त्याला तीनने गुणले. तीन टनांचे एक हजार पन्नास यायला हवेत. मोबाइलवर उत्तर आले ३५०३५०३५०. म्हणजे तीन टन ऊस तोडल्याची मजुरी पस्तीस कोटी तीन लाख पन्नास हजार तीनशे पन्नास रुपये! आजी म्हणाली, असलंच मशीन कारखान्यावर बसवा.

हा घोटाळा काय आहे? माणूस कळफलकावर जे टाइप करतो, ते पायथॉन आकडा म्हणून घेत नाही, मजकूर म्हणून घेतो. मजकुराला तीनने गुणले की तो तीनदा लिहिला जातो. आकडा हवा असेल तर ‘इंट’ या आज्ञेत तो घालून आकडा करून घ्यावा लागतो. इतकेच. पण नवशिक्याला हे कोण सांगणार? तिने जालावर पायथॉन शिकणाऱ्यांच्या एका मेळ्यात विचारायचे ठरवले आणि जो मजकूर लिहिला, तो मी वाचला. इंग्रजीत होता. आदरणीय सर, मी अमुक गावची गरीब विद्यार्थिनी आहे, माझा प्रोग्राम चालत नाही, कृपया लवकरात लवकर योग्य कोड पाठवावा ही नम्र विनंती. सोबत मोबाइलच्या पडद्याचा दुसऱ्या मोबाइलने काढलेला तिरका फोटो.

वाचकहो, हा प्रश्न नाही, हा अर्ज आहे. आणि त्यात तिचा दोष नाही. शाळेत, तहसीलमध्ये, समाजकल्याण खात्यात, शिष्यवृत्तीच्या खिडकीवर आपल्याला एकच रीत शिकवली गेली: आधी आपण किती लहान आहोत ते लिहायचे, मग समोरचा किती मोठा आहे ते लिहायचे, शेवटी ‘विनंती’. नेमके काय अडले आहे ते लिहायला जागाच उरत नाही. वर्गात ‘काही शंका?’ असे गुरुजी विचारतात तेव्हा घंटा झालेली असते. ज्यांच्या आज्या-पणज्यांना विचारण्याचाच हक्क नव्हता, त्यांच्या नातीला विचारताना हात जोडावेसे वाटले, तर नवल ते काय?

तिला उत्तर आले, पण कोड आला नाही. उलट तीन प्रश्न आले. तू काय लिहिलेस ते फोटोत नको, मजकूर म्हणून चिकटव. काय यायला हवे होते आणि काय आले? पायथॉनची आवृत्ती कोणती? ती खट्टू झाली. दोन दिवस तिने त्या बाजूला पाहिलेच नाही. इंग्रजीत तुटक लिहिलेले वाक्य आपल्याला रागावल्यासारखे वाटते. मीही आधी तसेच समजलो होतो. पुन्हा वाचल्यावर लक्षात आले, की समोरचा माणूस तिला हाकलत नव्हता. तिच्या प्रोग्रामकडे पाहायला बसला होता.

आवृत्तीच्या प्रश्नातच सगळी गोम होती. तिच्याजवळ कोणाच्या तरी झेरॉक्स नोट्स होत्या, त्या पायथॉन दोनच्या. दोनमध्ये टाइप केलेला आकडा आकडाच राहत असे, तीनमध्ये तो मजकूर होतो. पायथॉन तीन २००८ साली आले आणि दोनचा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून कायमचा बंद झाला. पण झेरॉक्सवाल्याला त्याची खबर नाही. आपल्या तालुक्यांत ज्ञान असेच येते, दहा वर्षे उशिरा, कडा कापलेले, एका पानावर दुसऱ्या पानाची सावली पडलेले. तिने नवा प्रश्न लिहिला, चार ओळींचा. गरिबी नाही, आदरणीय नाही. अर्ध्या तासात उत्तर मिळाले आणि एक हजार पन्नास आले.

ही भाषा मुळात कोणा कंपनीने विकायला काढलेली नाही. गुइडो व्हॅन रॉसम या डच माणसाने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ती लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. नाव अजगरावरून आहे असे आपल्याकडे समजतात. ते ‘मॉन्टी पायथॉन’ या इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून घेतलेले आहे. तिचा मूळ कोड कोणीही वाचू शकतो, सुधारणा सुचवू शकतो. जे आधी शिकले त्यांनी मागून येणाऱ्यांना सांगायचे, ही तिथली रीत पडून गेली आहे. पाणी सगळ्यांसाठी खुले आहे. पण विहिरीवर जायची सवय नसलेल्याला पोहरा कसा सोडायचा, हेही कोणीतरी दाखवावे लागते.

मोबाइलवर शिकणाऱ्यांच्या अडचणी तर संगणकवाल्यांच्या गावीही नसतात. मोबाइल ओळीतले पहिले अक्षर आपोआप मोठे करतो, आणि ‘प्रिंट’मधला पहिला ‘पी’ मोठा असला की पायथॉन हा शब्दच ओळखत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या कोडमधली अवतरणचिन्हे वळणदार असतात, ती चालत नाहीत. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे हे पायथॉन ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून ठरवतो. रीत चार जागांची आहे. अंगठ्याने चार जागा मोजणे काय असते, ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. एका मुलाचा प्रोग्राम तीन दिवस एका मोकळ्या जागेपायी अडून होता आणि तो पोरगा आपल्याला डोकेच नाही असे समजून बसला होता.

राहिला भाषेचा प्रश्न. अंबाजोगाई हे मुकुंदराजांच्या समाधीचे गाव. ‘विवेकसिंधु’ हा मराठीतला आद्य ग्रंथ मानला जातो. संस्कृतात कुलूपबंद असलेला विषय मराठीत आणण्याची गोष्ट या गावाला नवी नाही. (ते वाचण्याचा हक्क पुढे किती जणांना मिळाला, हा भाग वेगळा.) पायथॉन तीनमध्ये ‘दर’, ‘उचल’, ‘खाडे’ अशी मराठी नावे प्रोग्राममध्ये थेट देता येतात, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. प्रोग्राम चालू असताना भरलेले ३५० देवनागरीत असले, तरी ‘इंट’ ते बिनतक्रार ओळखतो, उत्तर मात्र इंग्रजी आकड्यांत देतो. प्रोग्रामच्या ओळीतच देवनागरी आकडा लिहिला तर चूक दाखवतो. आणि ‘शिक्षण’ या शब्दाची लांबी विचारा, आपण तीन म्हणू, तो सहा सांगतो, कारण वेलांटी आणि पाय मोडल्याची खूणही तो सुटी मोजतो. मात्र चूक झाली की जी ओळ उमटते ती इंग्रजीतच. त्या ओळीला मुले घाबरतात. वास्तविक ती शेवटून वाचायची असते, शेवटच्या ओळीत काय बिघडले ते लिहिलेले असते.

मराठीत काहीच नाही असे म्हणणेही बरोबर नाही. मुंबई आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम उभा केला. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा, एकट्याने बसून शिकता येईल असा, आणि अनेक विषयांचे धडे मराठी आवाजातही आहेत. शंका विचारायची तर धड्याच्या कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडले ते सांगायचे. प्रश्न कसा विचारावा याचे एवढे सोपे शिक्षण मी दुसरीकडे पाहिले नाही. त्याच संस्थेतल्या प्रा. प्रभू रामचंद्रन यांच्या गटाने पायथॉन महाविद्यालयांत नेण्यासाठी बरेच काम केले आहे. ही सरकारी पैशाची कामे आहेत, म्हणजे आपल्याच पैशाची. ती आपल्या अभ्यासिकांत पोहोचली का?

इथे कोणी आडनाव विचारत नाही, असे सांगणारे भेटतील. अर्धे खरे आहे. चार ओळींच्या नेमक्या प्रश्नाला जात नसते. पण संगणकाच्या धंद्यात जात नाही, या भ्रमात राहू नये. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी विभागाने सिस्को कंपनीवर दलित अभियंत्याशी जातीवरून भेदभाव केल्याचा आरोप ठेवून दावा लावला. दोन अभियंत्यांविरुद्धचा भाग २०२३ मध्ये मागे घेतला गेला, पण प्रश्न जगापुढे आला तो आलाच.

आता नवे सांगणे असे, की कशाला माणसांना विचारायचे, यंत्राला विचारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून पोरे त्यालाच विचारतात. मी त्याच्या विरोधात नाही. ते रात्री दोन वाजता जागे असते, मराठी समजते, हसत नाही. पण अर्ज केला तरी ते कोड देऊन टाकते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रसिद्ध ठिकाणी त्याच डिसेंबरात यंत्राची उत्तरे टाकायला बंदी झाली, कारण ती दिसायला बरोबर आणि असायला चूक निघत होती. पस्तीस कोटींचे उत्तर चूक आहे हे त्या मुलीला कळले, कारण टनाला काय मिळते हे तिला घरातून ठाऊक होते. ज्याला ते ठाऊक नाही, त्याने यंत्राचे उत्तर कशावर पारखायचे?

१९५० साली बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्यातल्या आपल्या पोरांना बसायला जागा मिळाली. आज जागा आहे. वस्तीवस्तीत विहारे आहेत, काही ठिकाणी मागे खोली आहे, खोलीत पंखा आहे. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात एक जुना संगणक आणि वर्षभराचे इंटरनेट येते, हे मी मागेही लिहिले होते आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला बरेच काही ऐकवले होते. तरी पुन्हा लिहितो. संगणक आला तर त्याच्याशेजारी एक वही ठेवावी. ज्याला जे अडले ते त्याने मराठीत लिहावे: काय केले, काय यायला हवे होते, काय आले. ज्याला कळले त्याने खाली उत्तर लिहावे. जे खोलीत सुटणार नाही, तेवढे बाहेर विचारावे. आपल्यातून पुण्याला, बंगळुरूला नोकरीला गेलेल्यांनी आठवड्यातून एक तास त्या वहीला द्यावा. धम्मदान पाकिटातूनच द्यावे लागते असे नाही.

त्या मुलीचा प्रोग्राम फाल्गुनात पुरा झाला. वडिलांनी मोबाइलवर वजनपावत्यांचे फोटो काढून ठेवले होते, ते तिने एकेक करून भरले. तिचा हिशेब आणि मुकादमाने तोंडी सांगितलेली बाकी यांत अकरा हजारांचा फरक निघाला. प्रोग्राम चुकला असेल म्हणून तिने पुन्हा मेळ्यात विचारले. तिथल्या माणसाने ओळ न् ओळ पाहून सांगितले, गणित बरोबर आहे, भरलेले आकडे तपास. टन बरोबर होते. दर बरोबर होता. राहिले खाडे. ते किती धरले, हे फक्त वहीत आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी वडील मुकादमाकडे गेले. उचल घेताना ते नेहमी उंबऱ्याबाहेर उभे राहतात, तसेच उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘खाडे कुठल्या कुठल्या तारखेचे धरले, तेवढं बघू द्या.’’ मुकादमाने विचारले, ‘‘हे तुला कोणी शिकवलं?’’ मग म्हणाला, सण होऊ दे, बघू.