नसबंदी केली म्हणजे डॉग शो संपला?

अमेरिकेतल्या मराठी घरात जातिवंत पिल्लू येतं तेव्हा बऱ्याचदा ब्रीडर एक करारपत्रही पुढे करतो. ठरावीक वयात नसबंदी करायची आणि नोंदणी 'लिमिटेड' राहणार, म्हणजे याच्या पिल्लांची केनेल क्लबकडे नोंद होणार नाही, असं त्यात असतं. पिल्लाच्या कौतुकात सही होऊन जाते. पुढे तोच गोल्डन रिट्रीव्हर राजबिंडा निघतो, बागेतले लोक 'याला शोमध्ये उतरवा' म्हणू लागतात आणि मग करार बाहेर निघतो. त्यानंतर कानावर पडणाऱ्या समजुती जवळपास ठरलेल्या आहेत.

गैरसमज : ऑपरेशनमुळे कुत्र्यात खोट येते, म्हणून शोमध्ये घेत नाहीत.

खोटेचा इथे संबंध नाही. दोरी धरून हँडलर पळतो आणि जज निरखून पाहतो, त्या प्रकाराला कन्फर्मेशन शो म्हणतात. तो सौंदर्यस्पर्धेसारखा दिसत असला, तरी पैदाशीसाठी कोणता नर आणि कोणती मादी राखावी याची पारख करण्यासाठी तो सुरू झाला. 1884 साली स्थापन झालेल्या अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांत म्हणूनच नसबंदी झालेल्या नर-मादीला नेहमीच्या वर्गांत प्रवेश नाही.

साताऱ्याकडे पुसेगावच्या यात्रेत खिल्लार जनावरं पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. वळू पाहणारा त्याच्या पोटी निपजणाऱ्या वासरांचा अंदाज घेतो, बैल पाहणारा नांगराचा आणि गाडीचा. खच्ची केला म्हणून बैल कमअस्सल ठरत नाही, त्याचं काम निराळं. अमेरिकन शो वळू पाहायला भरतो, इतकंच.

जजची तपासणीही त्याच हिशेबाने होते. आधी ओठ वर करून दात बघायचे, मग मान, खांदे, बरगड्या, पाठ, मांड्या हाताने चाचपत मागे जायचं. नर असेल तर मागच्या पायांच्या मध्ये हात घालून दोन्ही वृषणं खाली उतरली आहेत ना, याची खात्री करायची. क्षणाचंच काम, पण त्यात कुत्रा बाद होऊ शकतो. एखादं वृषण पोटातच अडकून राहण्याचा दोष बहुतांशी आनुवंशिक असतो आणि असा नर पैदाशीला वापरू नये, असं मानतात. यावरही माणसाने तोड काढली आहे! ग्रेग मिलर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1995 मध्ये कुत्र्यांसाठी कृत्रिम वृषणं बाजारात आणली आणि 2005 चं इग नोबेल मिळवलं. ती बसवून जजला चकवायचा विचार मात्र करू नये. कृत्रिम उपायाने रूप बदललेला कुत्रा नियमानुसार बादच होतो. मादीची नसबंदी हाताला लागत नाही, तिथे सगळी भिस्त मालकाच्या सचोटीवर.

गैरसमज : सगळीकडे हाच नियम आहे.

अजिबात नाही. अमेरिकेतच मिशिगन राज्यात कलामझूला मुख्यालय असलेला युनायटेड केनेल क्लब (स्थापना 1898) नसबंदी झालेल्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवतो आणि त्यांना चॅम्पियनचा किताबही देतो. ब्रिटनमध्ये केनेल क्लबला रीतसर कळवलं की असा कुत्रा रिंगणात येऊ शकतो.

मांजरवाल्यांनी तर हा प्रश्न कधीच मिटवला. ब्रिटनच्या मांजर मंडळात पूर्ण नर-मादी 'चॅम्पियन' होतात आणि नसबंदी झालेली मांजरं 'प्रीमियर'. दोन्ही किताबांना मान आहे. अमेरिकन केनेल क्लबला हे का जमू नये, याचं पटेल असं उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

गैरसमज : नसबंदी झाली, पैदाशीशी नातं संपलं.

पुण्याजवळच्या उरुळी कांचनला बाएफ या संस्थेने गाईंसाठी गोठवलेल्या वीर्याचं काम उभं केलं, ते महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. कुत्र्यांतही तेच तंत्र चालतं. नराचं वीर्य उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलं की नसबंदीनंतरच काय, त्याच्या मृत्यूनंतरही पिल्लं होतात, आणि अटी पाळल्या तर अमेरिकन केनेल क्लब त्यांची नोंदही करतो. त्याच क्लबच्या 'स्टड डॉग' आणि 'ब्रूड बिच' या वर्गांत नसबंदी झालेले आई-बाप चालतात, कारण तिथे गुण पिल्लांना पाहून दिले जातात. एकाच जातीच्या काही स्वतंत्र शोमध्ये वयस्करांच्या वर्गातही त्यांना मुभा आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनीच नियमाला खिडक्या ठेवल्या आहेत. चॅम्पियन पिल्लांची आई असलेली आठ वर्षांची मादी गर्भपिशवी काढली म्हणून नेहमीच्या वर्गांबाहेर बसवायची आणि एकही वीण न झालेल्या तरुण नराला पैदाशीचा नमुना म्हणून मिरवायचं, यातली विसंगती कुणालाही दिसेल.

गैरसमज : रूप बिघडतं, कुत्रा फोपसा होतो.

यात अर्धं खरं आहे. आयरिश सेटर, कॉकर स्पॅनिएल यांसारख्या लांब, रेशमी केसांच्या जातींत नसबंदीनंतर केस लोकरीसारखे पिंजारू शकतात. फार लवकर ऑपरेशन केलं तर हाडांची टोकं उशिरा जुळतात आणि कुत्रा जरा उंच, लांबट पायांचा होतो. म्हणून साधारण वीस किलोंपुढे जाणाऱ्या जातींत वाढ पुरी होईपर्यंत थांबण्याचा सल्ला डॉक्टर देतात. लठ्ठपणाचा दोष मात्र वाडग्याचा. नसबंदीनंतर अन्नाची गरज घटते, आपण वाढतो तेवढंच.

गैरसमज : शो नाही, म्हणजे कुठलीच स्पर्धा नाही.

ॲजिलिटी, आज्ञापालन, माग काढणं यांत नसबंदीची आडकाठी नाही. उलट, 2009 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने मिश्र जातीच्या कुत्र्यांसाठी नोंदणी सुरू केली तेव्हा त्यांची नसबंदी झालेली असणं हीच अट होती. मुलांच्या ज्युनियर शोमनशिपमध्ये कुत्र्याला गुण नसतात, तो हाताळणाऱ्या मुलाला असतात. तिथेही असा कुत्रा चालतो.

गैरसमज : पुढेमागे शोमध्ये उतरवू, तोवर नसबंदी नको.

सर्वांत महागात पडणारा समज हा. नसबंदीची फारशी रीत नसलेल्या स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दहा वर्षांची होईपर्यंत साधारण चारातल्या एका मादीला गर्भपिशवीत पू होण्याचा आजार झालेला दिसला. माज संपल्यावर काही आठवड्यांनी मादी मलूल होते, पाणी फार पिते. अशा वेळी दुखणं अंगावर काढलं तर जिवावर बेततं.

खरोखर शो करायचा असेल, तर पिल्लू घेतानाच ब्रीडरला तसं सांगा आणि करारात 'लिमिटेड' हा शब्द नाही ना, ते पाहा. भारतात असाल, तर शो भरवणाऱ्या क्लबच्या सचिवांना प्रवेश फी भरण्याआधी नियम विचारा. यातलं काहीच करायचं नसेल, तर पुढच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांकडून नसबंदीची तारीख घेऊन या.