सोमवारी सोडलेले मासे
लेखमाला 'पाण्याची साक्ष' : भाग ९

कारखान्याच्या संमतीपत्रातला सांडपाण्याचा तक्ता ज्याने कधी सावकाश वाचला असेल, त्याची नजर एका ओळीवर अडखळली असणार. वरून खाली येताना सगळं शिस्तीत चाललेलं असतं. सामू ५.५ ते ९. तरंगणारे घन पदार्थ लिटरमागे १०० मिलिग्रॅम. तेल-ग्रीस १०. गेल्या आठवड्यात आपण ज्याचा पिच्छा पुरवला तो बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) ३०, सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) २५०. आणि या मिलिग्रॅमच्या रांगेत मध्येच एक अट : १०० टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत.

१०० टक्के म्हणजे साधं पाणी न मिसळलेलं, पाइपातून येतं तसंच. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या अनुसूचीतली ही अट आपल्याकडे जमिनीवरच्या नदीनाल्यांत पाणी सोडणाऱ्यांना लागू आहे. ती तिथे असण्याचं कारण सरळ आहे. प्रयोगशाळा जे शोधायला सांगाल तेच शोधते. क्रोमियम मोजा म्हटलं तर क्रोमियम मोजेल. शेजारी ज्याचं नावही कुणी घेतलं नाही असं काही विरघळलेलं असेल तर त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. माशाला नावं ठाऊक नसतात. पाण्यात जे काही आहे ते सगळं एकदम त्याच्या कल्ल्यांवरून जातं.

सांडपाण्याच्या परीक्षेत पास की नापास एवढाच प्रश्न असतो. पण याच परीक्षेची एक थोरली बहीण आहे. तिच्यात एकच रसायन घेतात, मग ते नवं कीटकनाशक असो वा रंग, आणि विचारतात : किती घातलं की मासे मरतात? जगभर त्यासाठी बहुतेक ठिकाणी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०३ क्रमांकाची पद्धत वापरतात. ती १९८१ साली आली, १९९२ आणि २०१९ मध्ये सुधारली गेली. आजचा भाग मुख्यतः तिच्याबद्दल.

आता कुणी म्हणेल, यात पद्धत ती काय? टाकीत विष घाला, मासे सोडा, मेलेले मोजा. पण मासा मरायला विषच लागतं असं थोडंच आहे! हौसेने घरी काचेची टाकी आणलेल्या कुणालाही विचारा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मासा मरतो, रात्री पंप बंद पडला तर मरतो, जास्त खायला घातलं तर मरतो, आणि कधी नुसता दुकानातून आणल्याच्या धक्क्याने मरतो. म्हणून या पद्धतीची निम्मी पानं रसायनाबद्दल नाहीतच. मासा दुसऱ्या कशाने मरू नये याची तजवीज करण्यातच ती खर्ची पडली आहेत.

मासे आधी काही दिवस प्रयोगशाळेच्या पाण्यात रुळू द्यायचे. शेवटच्या ७ दिवसांत १० टक्क्यांहून जास्त मेले तर ती सगळी तुकडीच रद्द. परीक्षेच्या आदल्या दिवसापासून उपास. कारण खाल्लं की विष्ठा, विष्ठा आली की अमोनिया, आणि उरलेलं अन्न कुजायला लागलं की त्यात ऑक्सिजन जातो. शिवाय कित्येक रसायनं अन्नाच्या कणांनाच चिकटून बसतात. पाणी साचवून ठेवायचं असेल तर लिटरमागे माशांचं वजन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त नको. हवेशी समतोल असलेल्या पाण्यात जेवढा ऑक्सिजन मावतो त्याच्या ६० टक्क्यांखाली तो कधीही जाता कामा नये. आणि बाकी सगळं तेच, फक्त रसायन नाही, अशी एक टाकी बाजूला ठेवायची. या टाकीला सगळे 'कंट्रोल' म्हणतात. तिथे १० टक्क्यांहून जास्त मासे मेले तर बाकीच्या टाक्यांत काय घडलं याला काडीची किंमत नाही. आठवड्याचं काम पाण्यात.

रसायनाच्या टाक्या किमान ५, आणि प्रत्येकीत किमान ७ मासे. त्यांतल्या मात्रा १, २, ३, ४ अशा चढत नाहीत. १, २, ४, ८, १६ अशा पटीने चढतात. विषाचा परिणाम बेरजेने नाही, पटीने उमगतो. १ वरून २ वर जाणं आणि ८ वरून १६ वर जाणं हे शरीराच्या लेखी सारख्याच तोलामोलाचं. दोन टाक्यांमधली पट २.२ पेक्षा मोठी नको, एवढी मर्यादा आहे.

मग प्रश्न येतो की टाकीत घातलं तेवढं पाण्यात राहतं का. काही रसायनं उडून जातात, काही उजेडात मोडतात. पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं तर काचेलाच जाऊन बिलगतात. माशासाठी ती अतिशय जहाल. लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये हिशेब करावा लागतो. टाकीत १० घातलं आणि पाण्यात उरलं ३, तर कागदावर ते विष तिपटीने सौम्य दिसणार. म्हणून पाणी पुनःपुन्हा तपासायचं. मात्रा ८० टक्क्यांखाली घसरत असेल तर ठरावीक वेळाने पाणी बदलायचं किंवा ताजं द्रावण सतत वाहतं ठेवायचं, आणि निकाल घातलेल्या नव्हे, मोजलेल्या मात्रेवर काढायचा. जुन्या अहवालांतला एखादा फार सुखद आकडा दिसला की मी आधी हेच बघतो : मोजलं होतं का?

परीक्षा ९६ तासांची. नेमके ९६ का? झटपट मारणारी बरीचशी विषं तेवढ्यात आपलं काम उरकतात, हे एक. दुसरं असं की सोमवारी मासे सोडले तर शुक्रवारी मोकळं होता येतं. निसर्गात ९६ या आकड्याला काही अर्थ नाही. तो कामाच्या आठवड्याचा आकडा आहे.

या चार दिवसांत बघायचं काय, तर आधी वागणूक. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात का, तळाशी पडून राहतात का, तोल जाऊन कलंडतात का, रंग गडद होतो का, कल्ले भराभर हलतात का. २०१९ च्या सुधारणेने या नोंदींवर पूर्वीपेक्षा बराच भर दिला. मेला हे ठरवायचं तर कल्ल्यांची हालचाल थांबलेली हवी आणि शेपटीच्या देठाला काचेच्या कांडीने हळूच स्पर्श केला तरी काही प्रतिसाद नको.

शुक्रवारी वहीत आकडे उतरतात. समजा, प्रत्येक टाकीत १० मासे होते. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या टाकीत एकही मेला नाही, २ च्या टाकीत १ मेला, ४ मध्ये ४, ८ मध्ये ८, १६ मध्ये सगळे. निम्मे मासे मारणारी मात्रा ४ आणि ८ च्या दरम्यान कुठेतरी आहे हे उघड्या डोळ्यांना दिसतं. गणित केलं की ती ४.६ च्या आसपास येते. हाच तो एलसी-५०, ९६ तासांचा.

निम्मेच का? ही कल्पना ट्रेवन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये औषधांच्या मात्रा तपासताना मांडली. ती समजायला पंगत बरी. ठेच्यात किती मिरची घातली की लोक ताकाकडे हात वळवतात, हे ठरवायचं आहे. पहिल्या घासाला कोण हाय-हाय करतं हे त्या दिवशी कोण जेवायला आलंय त्यावर अवलंबून; एखादा पाहुणा मुळातच नाजूक असतो. शेवटपर्यंत कोण तग धरतं त्याचंही तेच. पण निम्मी पंगत ताकाकडे वळते ती मिरची फारशी बदलत नाही, पंगत कालची असो की आजची. मधला आकडा स्थिर असतो, आणि थोडक्या माशांत मिळतो.

या आकड्याबाबत दोन घोटाळे नेहमी होतात. एक, तो लहान असेल तर विष जास्त जहाल, हे उलटं वाचलं जातं. रसायनांच्या वर्गवारीत १ मिलिग्रॅम किंवा त्याखाली आला की सगळ्यात वरचा वर्ग. डब्यावर जे वठलेलं झाड आणि उताणा मासा छापलेला असतो तो इथून येतो. १०० मिलिग्रॅमलाही काही झालं नाही तर पुढे जायचंच नाही, अशीही सोय आहे. दुसरा घोटाळा जास्त महागात पडतो. ४.६ ला निम्मे मरतात, मग ४ ला चालेल की! ४ ला १० पैकी ४ मेलेत, हे वर वहीतच लिहिलंय. जे मेले नाहीत त्यांना अंडी घालता येतील का, पिल्लं वाढतील का, यावर चार दिवसांची परीक्षा मूग गिळून बसते. युरोपात रसायनांचा धोका अंदाजताना, हाताशी फक्त अशा झटपट परीक्षा असतील तर त्यांतला सगळ्यात लहान आकडा १००० ने भागतात.

आता मुद्द्याचं. एलसी-५० हा रसायनाचा गुणधर्म आहे असं आपण बोलतो, जसा उत्कलनांक. तसा तो नाही. तो त्या रसायनाचा, त्या पाण्याचा आणि त्या माशाचा मिळून असतो.

पाण्याचं घ्या. बोअरचं कठीण पाणी आपल्याला नको असतं, साबणाला फेस येत नाही, गिझर खराब होतो. पण तांबं, जस्त, कॅडमियम यांच्यापुढे माशाला हेच पाणी तारतं. हे धातू कल्ल्यांवरच्या ज्या जागांवर चिकटतात तिथे कठीण पाण्यातलं कॅल्शियम आधीच ठाण मांडून बसलेलं असतं. तेवढंच तांबं, तोच मासा; पावसाच्या मऊ पाण्यात मेला असता, विहिरीच्या पाण्यात जगला. म्हणून अहवालात पाण्याचा कठीणपणा लिहिलेला नसेल तर धातूच्या एलसी-५० ला काही अर्थ उरत नाही.

अमोनियाची गंमत तर आपल्या तक्त्यातच आहे. पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक अमोनियम आयन, तुलनेने निरुपद्रवी. दुसरा मोकळा अमोनिया, हा कल्ल्यांतून सरळ आत शिरतो. दोघांची वाटणी सामू ठरवतो. तक्त्यात अमोनियाच्या रूपातल्या नायट्रोजनला ५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. २५ अंश तापमानाला, सामू ७ असेल तर या ५० मधला मोकळा अमोनिया सुमारे ०.३ मिलिग्रॅम भरतो. सामू ८ झाला की सुमारे ३, म्हणजे दसपट. आणि मोकळ्या अमोनियाची वेगळी मर्यादा त्याच तक्त्यात ५ मिलिग्रॅम आहे. गोड्या पाण्यातल्या माशांचे त्याचे एलसी-५० बहुतेक ५ च्या खालीच येतात, कित्येकांचे १ च्याही खाली. म्हणजे अमोनियाची ओळ तंतोतंत पाळणारं पाणी माशाच्या ओळीवर सपशेल नापास होऊ शकतं. तक्ता करणाऱ्यांच्या हे लक्षात आलं होतं की नव्हतं ते असो. माझ्या मते दोन ओळींत भांडण झालं तर माशाचं ऐकावं.

राहिला मासा. १९९२ च्या पद्धतीच्या यादीत आपल्या ओळखीचे तिघे आहेत. सायप्रिनस, जो तळ्यात सोडतात. गप्पी, ज्याला डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य खात्याची माणसं हौदात सोडून जातात. आणि झेब्राफिश, अंगावर निळ्या पट्ट्यांचा, बोटाच्या दोन पेरांएवढाही नसलेला. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात केलं. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. तो लहान आहे, काटक आहे, वर्षभर अंडी देतो. परीक्षेला मासा निवडताना बघायचे हेच गुण. पण काटकपणा हा साक्षीदाराचा गुण आहे का?

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या आसपासच्या ओढ्यांत कोहो जातीचे सामन मासे समुद्रातून अंडी घालायला परत येतात. वर्षानुवर्षं दिसत होतं की पाऊस पडून रस्त्यांवरचं पाणी ओढ्यात उतरलं की हे मासे काही तासांत गरगर फिरत, पृष्ठभागावर तोंड उघडत मरतात. पोटातली अंडी तशीच. त्याच पाण्यात चम जातीचे सामन मजेत पोहत. ऑक्सिजन, धातू, कीटकनाशकं, सगळं तपासून झालं, दोषी सापडेना. शेवटी संशोधकांनी टायरचा कीस पाण्यात भिजवला. त्या अर्कात २,००० हून अधिक रसायनं होती. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात कोहोची पिल्लं सोडायची, ज्यात मरतील त्याचेच पुन्हा भाग पाडायचे, असं करत ते एका पदार्थापर्यंत पोचले. रबराला तडे जाऊ नयेत म्हणून टायरमध्ये ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन तयार होतं. हा शोध डिसेंबर २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये जाहीर झाला. तेव्हा कोहोसाठी एलसी-५० लिटरमागे ०.८ मायक्रोग्रॅम निघाला. २०२२ मध्ये शुद्ध नमुना हाती आल्यावर त्याच संशोधकांनी तो ०.०९५ वर आणला. मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅम नव्हे.

मग जपानमध्ये तेच रसायन झेब्राफिश आणि मेडाका या दोन लहान माशांना देऊन पाहिलं. पाण्यात जेवढं विरघळू शकतं तेवढं घातलं तरी दोघांनाही काही झालं नाही.

कोहोने हे प्रकरण उघडकीला आणलं नसतं आणि एखाद्या प्रयोगशाळेने रीतसर झेब्राफिश घेऊन, सगळे नियम पाळून परीक्षा केली असती, तर अहवाल अगदी बिनचूक आला असता : विरघळण्याच्या मर्यादेपर्यंत एकही मृत्यू नाही. ६पीपीडी जगभरच्या टायरांत आहे, पुणे-मुंबई रस्त्यावर झिजणाऱ्या टायरांतही.

शेवटी शुक्रवारचं सांगायचं राहिलं. ५ टाक्या आणि एक कंट्रोल, प्रत्येकीत कमीत कमी ७, म्हणजे एका रसायनामागे ४२ मासे. जे वाचतात ते पुन्हा दुसऱ्या परीक्षेला घेता येत नाहीत. त्यांना भूल देऊन मारतात. कंट्रोलमधल्या सातांनाही, ज्यांच्या पाण्यात काहीच घातलेलं नव्हतं. हे ४२ कमी कसे करता येतील यासाठी २०१३ मध्ये एक वेगळी पद्धत आली. तिच्यात मासा नसतो, नुकतं फळलेलं, काचेसारखं पारदर्शक अंडं असतं, आणि त्याच्या आत सूक्ष्मदर्शकातून धडधडणारं हृदय दिसतं. त्या अंड्याबद्दल पुढच्या आठवड्यात.