कुंचला आणि रंगफवारा

पाटण हे सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव कोयना व केरा या नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. श्रावण लागला, की महाराष्ट्रातील इतर गावांप्रमाणे येथेही गणेशोत्सवाचे वेध लागतात. या दिवसांत मूर्तिकारांच्या कारखान्यांत उसंत नसते. बाहेर पाऊस कोसळत असतो, दमट हवेत शाडूची माती लवकर सुकत नाही. आणि चतुर्थी तर कोणासाठी थांबत नाही! अशा वेळी मूर्तिकारापुढे प्रश्न उभा राहतो : रंग कुंचल्याने द्यावा, की फवाऱ्याने?

कुंचला हे फार जुने साधन. त्याला ना वीज लागते, ना यंत्र. त्याने रंग फुकट जात नाही आणि हवा तेथेच नेमका बसतो. मात्र मोठ्या भागावर तो फिरविला, तर केसांच्या रेघा उमटतात. शिवाय वेळही पुष्कळ लागतो.

फवाऱ्याची कल्पनाही नवी नाही. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील गुहांत भिंतीवर हात ठेवून भोवती रंग फुंकलेला दिसतो. त्या हातांचे काही ठसे निदान ४० हजार वर्षांपूर्वीचे आहेत. तोंडाच्या फुंकरीचे काम पुढे यंत्राकडे आले. इ. स. १८७९ च्या सुमारास अमेरिकेतील ॲबनर पीलर याने हवेच्या झोताने रंग उडविणारे हत्यार तयार केले. त्यातूनच आजचा एअरब्रश विकसित झाला.

त्याची रचना समजण्यास सोपी आहे. काँप्रेसर हवा दाबून साठवितो. ती हवा नळीतून येऊन तोटीच्या अरुंद तोंडातून वेगाने बाहेर पडते. त्या वेगामुळे तेथील दाब कमी होतो, रंग ओढला जातो आणि त्याचे सूक्ष्म तुषार होतात. मूर्तीच्या अंगाचा रंग या तुषारांनी एकसारखा बसतो. गालावरची लाली किंवा सोंडेच्या वळणाची छाया अशी हळूहळू विरत जाते, की एक रंग कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला, हे कळत नाही.

परंतु फवाऱ्यालाही मर्यादा आहेत. रंग पातळ व गाळलेला नसेल, तर तोटी तुंबते. हत्यार फार जवळ धरल्यास ओघळ येतात, फार दूर धरल्यास तुषार वाटेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो. शेजारच्या भागावर रंग उडू नये म्हणून तो कागदाने झाकावा लागतो. खोल खाचेत हवा आपटून परत येते व रंग आत पोहोचत नाही. हे तुषार श्वासाबरोबर फुप्फुसांत गेल्यास अपाय होतो. म्हणून नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधून मोकळ्या हवेतच हे काम करावे.

म्हणून जाणता मूर्तिकार दोहोंपैकी एकाची निवड करीत नाही. तो कामाची वाटणी करतो. मूर्तीच्या अंगासाठी फवारा, दागिन्यांसाठी व सोवळ्याच्या काठासाठी कुंचला. शेवटी उरते डोळ्यांची आखणी. तेव्हा काँप्रेसरचा आवाज थांबतो. बारीक कुंचला हाती घेऊन, श्वास रोखून मूर्तिकार एक रेघ ओढतो. येथे हात हलला, तर मूर्तीची मुद्राच बदलते आणि इतक्या दिवसांचे श्रम व्यर्थ जातात. रेघ साधली, की मातीच्या मुखावर प्रसन्नता उमटते.

दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात. पाटणजवळच्या दातेगडाची प्रतिकृती करावयाची झाली, तरी हाच नियम लागू पडतो. डोंगराच्या उतारावर जुना दात घासण्याचा ब्रश रंगात बुडवून फणीवर घासावा; तुषारांनी दगडमाती हुबेहूब दिसते. तेथील तलवारीच्या आकाराच्या विहिरीची कड मात्र कुंचल्यानेच रेखावी. कोणते साधन श्रेष्ठ, हे साधन पाहून ठरत नाही. ते काम पाहून ठरते.